मुलांच्या नाका-घशातील जीवाणू आणि शिक्षकांचे कर्तव्य

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गातील आरोग्यविषयक भाषण)



वसईची खाडी आणि अरबी समुद्र यांच्या बेचक्यात मीरा-भाईंदर वसले आहे. राई, मुर्धे, मोरवे ही खाडीकाठची गावे, उत्तन, पाली, चौक हे समुद्रकाठचे कोळीवाडे आणि त्यांच्यामध्ये पसरलेली मिठागरे, अशी या भूभागाची जुनी ओळख होती. १९८५ साली येथे नगरपालिका आली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १,७५,६०५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,०९,३७८ भरली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक माणसे एका ठिकाणी एकवटली. कोळी, आगरी व आदिवासी कुटुंबांच्या शेजारी देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे राहू लागली आणि त्या सर्वांची मुले एका वर्गात, एका बाकावर बसू लागली. जिल्ह्यातील खेड्यांतून रोज या शहराकडे येणारे-जाणारेही पुष्कळ आहेत. शहरातील हवा, सवयी आणि सर्दी-पडसे ही सारी त्यांच्याबरोबर गावात पोहोचतात. म्हणून येथे जे सांगावयाचे ते खेड्यातील एकशिक्षकी शाळेलाही तितकेच लागू आहे.

मिठागरात उन्हाने पाणी आटून गाढ होऊ लागले म्हणजे कित्येकदा त्यावर तांबूस छटा येते. हा रंग मातीचा नव्हे. इतक्या खाऱ्या पाण्यातही सुखाने वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होय. जेथे मासा जगत नाही आणि गवताची काडी उगवत नाही, तेथेही डोळ्यांना न दिसणारी वस्ती नांदत असते. मग मनुष्याचे उबदार, ओलसर नाक व घसा निर्जन कसे राहतील? शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नाका-घशात असंख्य जीवाणू राहत असतात. ते शिक्षकाच्या घशात असतात, तपासणाऱ्या डॉक्टरांच्या घशातही असतात. ही वस्ती कशी असते, ती उपद्रवी केव्हा होते आणि त्या वेळी शिक्षकाने काय करावयाचे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

नाकाची रचना व तेथील रहिवासी

नाकपुडीच्या दाराशी केस असतात. ते मोठी धूळ अडवितात. आत गेल्यावर हवेला सरळ वाट मिळत नाही. हाडांच्या वळणदार कडांवरून जाताना ती तापते, ओलसर होते आणि तिच्यातील बारीक कण भिंतींना चिकटतात. या भिंतींवर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. त्याखाली अतिसूक्ष्म लोम असतात व ते दर सेकंदास दहाहून अधिक वेळा हलतात. त्यांच्या हालचालीने तो थर, त्यावरील धूळ व जंतूंसह, हळूहळू घशाकडे सरकतो आणि नकळत गिळला जातो. पोटातील आम्ल पुढचे काम करते. ज्या शेंबडाचा किळस केला जातो तो वस्तुतः शरीराचा झाडूवाला आहे. चुलीच्या व विडीच्या धुराने हे लोम दुबळे होतात. म्हणून धुराने कोंदलेल्या घरातील मुलांना खोकला व पडसे वारंवार होते.

मूल जन्मल्यानंतर थोड्याच काळात आईच्या व घरच्या माणसांच्या सहवासातून त्याच्या नाका-घशात जीवाणू येऊन वस्ती करतात. या वस्तीचे भाग ठरलेले असतात. नाकपुडीच्या कोरड्या भागात एक प्रकारचे, नाकाच्या मागील बाजूस, जेथे नाक व घसा एकत्र मिळतात तेथे, दुसऱ्या प्रकारचे, तर जिभेवर व घशात तिसऱ्या प्रकारचे. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात; इतकेच नव्हे, तर उपयोगीही असतात. दुधाला विरजण लागले की दह्यातील जीवाणू जागा व्यापतात, आम्ल निर्माण करतात आणि नासविणाऱ्या जंतूंना सहसा वाव मिळू देत नाहीत. नाकातील नेहमीचे रहिवासीही पुष्कळसे असेच वागतात. ते अन्न खातात, जागा अडवितात आणि काही तर परक्या जंतूंना मारक द्रव्ये तयार करतात. २०१६ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी माणसाच्या नाकात राहणाऱ्या एका जीवाणूपासून असे एक द्रव्य वेगळे केले. फोडे व जखमा चिघळविणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूला ते मारक ठरले.

हा स्टॅफिलोकॉकसही नाकातलाच रहिवासी आहे. सुमारे तीनांतील एका माणसाच्या नाकपुडीत तो सापडतो आणि बहुतेकांना काहीही त्रास देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. मिठाला तो भीत नाही. समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग क्षार असतात. प्रयोगशाळेत हा जीवाणू वेगळा काढावयाचा तर शेकडा साडेसात भाग मीठ घातलेल्या खाद्यावर तो वाढवितात. त्या खारटपणाने इतर बहुतेक जंतू मागे पडतात, हा मात्र वाढतो. मिठाने जंतू मरतात ही समजूत किती अपुरी आहे हे यावरून ध्यानात येईल. कोमट पाण्यात मीठ घालून केलेल्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, म्हणून त्या जरूर कराव्यात. परंतु औषधाची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

निरोगी मनुष्याच्या घशातील रोगजंतू

रोगाचा जंतू आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शास्त्रज्ञांना एका विलक्षण अनुभवाने कळले. अमेरिकेतील जॉर्ज स्टर्नबर्ग या लष्करी डॉक्टरांनी स्वतःची लाळ सशांना टोचून पाहिली, ससे मेले. डॉक्टर मात्र धडधाकट होते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनाही लाळेतून तसाच जीवाणू मिळाला. दोघांचे शोध १८८१ साली प्रसिद्ध झाले. हाच पुढे न्यूमोनियाचा प्रमुख जंतू म्हणून ओळखला गेलेला न्यूमोकॉकस होय. तीन वर्षांनी, १८८४ साली, फ्रीड्रिख लोफ्लर यांनी घटसर्पाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविला, तेव्हा तो त्यांना एका निरोगी मुलाच्या घशातही आढळला.

ज्याच्या घशात रोगजंतू आहे पण ज्याला रोग नाही, अशा माणसाला वाहक म्हणतात. असा वाहक कोण आहे हे पाहून ओळखता येत नाही. स्वच्छ कपड्यांतील, केस विंचरलेला मुलगा वाहक असू शकेल आणि ज्याचे नाक सदा वाहते त्याच्या घशात असा एकही जंतू नसू शकेल. जात, भाषा, घर किंवा आईबापांचा व्यवसाय यांच्याशी या गोष्टीचा संबंध नाही. कोळीवाड्यातल्या मुलाला वास येतो, पाड्यावरच्या मुलाचे नाक गळते, असे म्हणून त्याला वेगळे बसविण्याने रोग टळत नाही. त्या मुलाच्या मनावर मात्र कायमचा ओरखडा उठतो. वाहक असणे हा दोष नव्हे. जवळजवळ प्रत्येक मूल केव्हा ना केव्हा कोणत्या ना कोणत्या जंतूचे वाहक होऊन जाते आणि त्याचे त्याला कधी कळतही नाही.

मग जंतू उपद्रवी केव्हा होतो? विषाणूमुळे झालेल्या सर्दीने नाकाचे अस्तर सुजते, लोमांचे काम थंडावते आणि बांध फुटून खारे पाणी शेतात शिरावे तसे जंतू एरवी जेथे जात नाहीत तेथे शिरतात. ते कानात, फुप्फुसात, क्वचित रक्तात व मेंदूच्या आवरणात पोहोचतात. कुपोषण, धूर, दाटीची झोपण्याची जागा आणि नुकताच येऊन गेलेला गोवर यांनीही हे बांध कमकुवत होतात. नाका-घशातील जंतूंमुळे उद्भवणाऱ्या आजारांपैकी तीन शिक्षकांच्या विशेष परिचयाचे असावयास हवेत.

पहिला : घसा आणि हृदय

स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जीवाणू माळेसारखे रांगेत राहतात. त्यांच्या अनेक जाती घशात निरुपद्रवीपणे नांदतात. परंतु अ गटातील जातीमुळे मुलांचा घसा धरतो. ताप येतो, गिळताना दुखते, टॉन्सिल लाल होऊन सुजतात आणि गळ्याच्या पुढील बाजूच्या गाठी दुखतात. अशा वेळी बहुधा खोकला व पडसे नसते. ही खूण डॉक्टर आवर्जून पाहतात. चार-पाच दिवसांत घसा आपोआप बरा होतो आणि घरची माणसे निश्चिंत होतात.

काही थोड्या मुलांच्या बाबतीत गोष्ट येथे संपत नाही. जंतूशी लढण्यासाठी शरीराने उभे केलेले सैन्य चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर चाल करून जाते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर असे सांधे आळीपाळीने सुजतात. यास संधिज्वर म्हणतात. सांध्यांची सूज उतरते. परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा पुष्कळदा राहून जाते आणि घसादुखीच्या प्रत्येक नव्या फेऱ्याबरोबर वाढत जाते. पाच ते पंधरा या वयात हा रोग प्रामुख्याने होतो. म्हणजेच तो शाळेच्या वयाचा रोग आहे. पुढे वीस-पंचवीस वर्षांची तरुण स्त्री बाळंतपणात धापा टाकू लागते, तेव्हा तिच्या दुखण्याचे मूळ कधीकाळी दुर्लक्षिलेल्या घशात असू शकते.

या रोगाचे एक रूप असे आहे की ते डॉक्टरांच्या आधी शिक्षकांच्या दृष्टीस पडते. घसा धरून गेल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एखाद्या मुलाचे, अधिक करून मुलीचे, हात-पाय तिच्या मनाविरुद्ध झटके देऊ लागतात. सुंदर अक्षर काढणाऱ्या मुलीचे अक्षर वेडेवाकडे होते. हातातील पाटी, पेला, पेन्सिल गळून पडते. चेहरा वाकडातिकडा होतो, ती कारणावाचून रडते. झोपेत मात्र हे सारे थांबते. अशा मुलीला वर्गात चेष्टेखोर, बेशिस्त किंवा आळशी ठरविले जाते, क्वचित शिक्षाही होते. हा मेंदूवर उतरलेला संधिज्वरच होय. अक्षर एकाएकी बिघडले तर छडीऐवजी आरोग्य केंद्राची चिठ्ठी हाती घ्यावी.

या रोगाला आळा घालण्याचा मार्ग सोपा व स्वस्त आहे. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी संधिज्वर टळू शकतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली शोधलेले हे औषध भारतात मोठ्या प्रमाणावर तयार व्हावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन निघू लागले. स्टॅफिलोकॉकसने या औषधाला थोड्याच वर्षांत दाद देईनासे केले. अ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस मात्र आजही पेनिसिलिनपुढे नमतो. अट एकच, ती म्हणजे डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील तर दहाही दिवस त्या घ्यावयाच्या. तिसऱ्या दिवशी घसा बरा वाटला म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून दिल्या, तर औषध व्यर्थ जाते. ज्याला एकदा संधिज्वर होऊन गेला त्याला दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. वर्गात असे मूल असेल तर त्याचा इंजेक्शनचा दिवस शिक्षकांनी आपल्या वहीत टिपून ठेवावा आणि त्या दिवशीची गैरहजेरी गैरहजेरी समजू नये.

दुसरा : घटसर्प

घटसर्पाचा जंतू घशातच राहतो, पण त्याचे विष रक्तावाटे हृदय व मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. १८८८ साली एमील रू व अलेक्सांद्र यर्सिन यांनी हे विष जंतूपासून वेगळे करून दाखविले. १८९० साली बेहरिंग व कितासातो यांनी त्यावरचा उतारा शोधला. १९२३ साली गास्ताँ रामाँ यांनी विषाचे विषपण काढून त्याची लस बनविली. अशा रीतीने चाळीस वर्षांत या रोगाचे सारे रहस्य उलगडले आणि तरीही भारतात घटसर्प आजतागायत संपलेला नाही.

याचे कारण शिक्षकांनी समजून घ्यावयास हवे. तान्ह्या मुलास सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लस मिळते. तिच्यात घटसर्पाची लस असते. त्यानंतर सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान व पुन्हा पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची मात्रा, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची मात्रा द्यावयाची असते. पहिल्या मात्रा आशाताई व परिचारिका यांच्या पाठपुराव्याने बहुधा पूर्ण होतात. पुढच्या राहून जातात. लसीचे बळ काळाने ओसरते. म्हणूनच अलीकडे घटसर्पाच्या रोग्यांत पाच वर्षांवरील मुलांचे प्रमाण वाढलेले आढळते. एकेकाळी पाळण्यातील मुलांचा मानला जाणारा रोग शाळेच्या दारी आला आहे. पाच, दहा व सोळा ही तिन्ही वये शाळेतील आहेत. तेव्हा या मात्रांची आठवण करून देण्यास शिक्षकापेक्षा योग्य माणूस नाही. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी जन्माच्या दाखल्याबरोबर लसीकरणाचे कार्डही पाहावे. मात्रा राहिली असेल तर प्रवेश मुळीच अडवू नये. आरोग्य केंद्राचा लसीकरणाचा वार पालकांना सांगावा.

घशात राखाडी रंगाचा, चिकटून बसलेला पापुद्रा, मानेला आलेली सूज, घोगरा आवाज आणि श्वासाला अडथळा ही घटसर्पाची लक्षणे आहेत. पापुद्रा काडीने किंवा बोटाने खरवडू नये. रक्त येते व धोका वाढतो. अशा मुलाला एक तासही न दवडता रुग्णालयात पोहोचवावे, कारण विषावरचा उतारा जितका लवकर मिळेल तितका जीव वाचण्याचा संभव अधिक. त्याच्या घरातील व वर्गातील जवळच्या मुलांची तपासणी आरोग्य खाते करते. त्यांना यादी पुरविणे हे शाळेचे काम आहे.

तिसरा : कान

नाकाच्या मागील भागापासून कानाच्या मधल्या पोकळीपर्यंत एक अरुंद नळी जाते. मोठ्या माणसांत ती उतरती असते. लहान मुलांत आखूड व आडवी असते. म्हणून सर्दीबरोबर नाकातील जंतू सहज कानात चढतात. कान ठणकतो, पडदा फुटतो, पू वाहू लागतो. घरोघरी यावर तेल कोमट करून कानात सोडण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावयास हवी. वाहता कान कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

कान वाहण्यापेक्षाही शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऐकू न येणे. ठणका थांबल्यावरही कानात द्रव साचून राहतो आणि आठवडेच्या आठवडे मुलाला आवाज दबलेला ऐकू येतो. पहिली-दुसरीच्या वयात ‘प’ आणि ‘ब’, ‘त’ आणि ‘द’ यांतील भेद कानानेच शिकावयाचा असतो. जे मूल पाठ वळवून बोलल्यावर उत्तर देत नाही, शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहून लिहिते, एकच कान पुढे करते, ते मठ्ठ नसून बहिरेपणाने मागे पडत असण्याचा पुष्कळ संभव असतो. मागे उभे राहून हळू आवाजात त्याचे नाव घेऊन पाहावे. एवढ्या परीक्षेला कोणतेही साधन लागत नाही. त्यास पहिल्या बाकावर बसवावे आणि तपासणीसाठी पाठवावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत कानाचा दाह व संधिज्वरामुळे होणारा हृदयरोग या दोहोंचा समावेश आहे. फिरते आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येते, काही तास थांबते आणि निघून जाते. शिक्षक मुलांना वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस पाहतात. पथक येण्यापूर्वी संशयित मुलांची नावे व पाहिलेल्या खुणा कागदावर मांडून ठेवल्या, तर त्या काही तासांचे चीज होईल.

पुण्यातील लसीने दिलेला धडा

लस टोचलेल्या मुलाचेच रक्षण करते, असा समज आहे. काही लसी त्याहून अधिक करतात. मेनिंगोकॉकस हा जीवाणूही घशात निमूटपणे राहतो. क्वचित तो मेंदूच्या आवरणात शिरतो आणि काही तासांत प्राण घेतो. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यात त्याच्या अ गटाच्या साथींनी वर्षानुवर्षे थैमान घातले होते. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने त्या गटावर अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस तयार केली. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासो या देशात एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या एक कोटीहून अधिक लोकांना काही दिवसांतच ती देण्यात आली. पुढे जेव्हा लोकांच्या घशांची तपासणी झाली, तेव्हा अ गटाचा जंतू लस घेतलेल्यांच्याच नव्हे, तर न घेतलेल्यांच्या घशांतूनही जवळजवळ नाहीसा झाल्याचे दिसले. जंतूला राहावयास घसाच मिळेना, तेव्हा तो दुसऱ्याकडे जाणार कोठून?

न्यूमोकॉकसवरील लसही अशाच प्रकारे वागते. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ साली देशभर पोहोचली. सहावा आठवडा, चौदावा आठवडा व नववा महिना अशा तिच्या तीन मात्रा आहेत. धाकट्या भावंडाला दिलेली लस घरातील आजीचेही न्यूमोनियापासून रक्षण करते, ही गोष्ट पालकसभेत सांगण्यासारखी आहे. लसीकरण हे अशा रीतीने एका घराचे काम न राहता गावाचे काम होते.

पडसे व औषधे

मुलांच्या सर्दी-पडशांपैकी बहुतेक विषाणूंमुळे होतात. विषाणूंवर जीवाणुनाशक औषधे चालत नाहीत. तरीही शेजारच्याच्या उरलेल्या गोळ्या, दुकानातून मागून आणलेल्या गोळ्या मुलांना दिल्या जातात. त्यांनी पडसे जात नाही. नाकातील उपकारक रहिवासी मात्र मरतात आणि जे टणक जंतू उरतात ते औषधाला जुमानीत नाहीत. उद्या त्याच मुलाला न्यूमोनिया झाला तर तेच औषध निकामी ठरते. अशा औषधांच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ छापलेली असते. ती रेघ ओळखावयास पाचवीच्या मुलांना शिकवावे; डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते औषध घ्यावयाचे नाही हा तिचा अर्थ आहे. मूल आपल्या घरी जाऊन आईबापांना तो सांगेल.

वर्गात करण्याचा एक प्रयोग

जीवाणू दिसत नाहीत, म्हणून ते आहेत हे मुलांना पटत नाही. यासाठी एक सोपा प्रयोग आहे. एका मुलाच्या तळहातावर रंगीत खडूची भुकटी चोळावी आणि तासभर नेहमीचे काम चालू द्यावे. तासाच्या शेवटी तो रंग कोठे कोठे गेला हे सर्वांनी मिळून शोधावे. पाटीवर, दाराच्या कडीवर, माठाच्या ओगराळ्यावर, मित्राच्या खांद्यावर आणि बहुधा त्या मुलाच्या स्वतःच्या नाकावर तो सापडेल. नंतर नुसत्या पाण्याने व साबणाने हात धुऊन फरक दाखवावा. भुकटी लावावयाचे मूल मात्र दर वेळी वेगळे निवडावे आणि पहिली पाळी शिक्षकाने स्वतःवर घ्यावी. म्हणजे कोणा एकावर मळकेपणाचा शिक्का बसणार नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. वर्गाच्या खिडक्या पावसाळ्यातही शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात. दाट बसलेल्या वर्गात खेळती हवा हे पहिले औषध होय.

२. खोकताना व शिंकताना कोपराच्या बाहीत तोंड झाकावे. रुमाल, पेला व शिट्टी एकमेकांत वापरू नये.

३. ताप व घसादुखी असलेल्या मुलास घरी पाठवावे आणि डॉक्टरांना दाखविण्यास सांगावे. औषध सुरू होऊन एक दिवस लोटला व ताप उतरला म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसचे मूल शाळेत येऊ शकते. घटसर्पाच्या मुलाबाबत निर्णय डॉक्टरांनीच द्यावयाचा.

४. सुजणारे सांधे, चालताना लागणारी धाप, हातांचे झटके, एकाएकी बिघडलेले अक्षर, वाहता कान व कमी ऐकू येणे या खुणा दिसताच नाव टिपून आरोग्य केंद्रास कळवावे.

५. पाच, दहा व सोळा वर्षांच्या मात्रांची नोंद वर्गवार ठेवावी.

६. आजारी मुलाचे नाव सर्वांसमक्ष पुकारू नये. निरोप पालकांना एकांतात द्यावा.

नाका-घशातील जीवाणूंशी मनुष्याचे वैर नाही. त्यांच्याशिवाय एकही मूल शाळेत येत नाही, आणि त्यांना हाकलून लावणारे औषध निघालेले नाही. निघू नये हेच बरे. कोणता रहिवासी उपद्रव देईल हे आधी सांगता येत नाही. उपद्रव सुरू झाल्याची पहिली खूण ओळखणे मात्र शक्य आहे. ती खूण आरोग्य केंद्रात दिसण्याच्या आधी वर्गात दिसते. ती पाहणाऱ्याने मुलाला दोष न देता त्याच दिवशी एक चिठ्ठी लिहिली, तर एखाद्या मुलीचे हृदय आयुष्यभर धड राहील, एखाद्या मुलाला पाढे नीट ऐकू येतील. शिक्षकांकडून एवढीच अपेक्षा आहे, आणि ती मोठी आहे.